उभ्या कॅम्पर व्हॅनचे इंजिन रात्री बंदच हवे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सुट्ट्या जवळ आल्या की भाड्याच्या कॅराव्हॅनच्या जाहिराती दिसू लागतात. जुनी ट्रॅव्हलर किंवा विंगर घेऊन तिची स्वतःपुरती कॅम्पर व्हॅन करून घेणारेही आता गॅरेजांत नेहमी भेटतात. जाहिरातीत पलंग, टीव्ही, इवलेसे स्वयंपाकघर असते. रात्रभर एसी कशावर चालणार, हे तेवढे कोणी सांगत नाही आणि गाडी घेणारेही विचारत नाहीत. डिझेल कॅम्परमधला मुक्काम सुखाचा होणार की जिवावर बेतणार, हे बहुतेक वेळा याच प्रश्नावर ठरते. म्हणून हे पत्र जरा सविस्तर लिहितो आहे.

डिसेंबर २०२४ मध्ये केरळात वडकरा येथे रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या कॅराव्हॅनमध्ये दोघे जण मृतावस्थेत सापडले. जनरेटरचा कार्बन मोनॉक्साइड गाडीत शिरला होता, असे तपासात पुढे आले. या वायूला रंग नाही, वास नाही. झोपेत असलेल्या माणसाला जाग येत नाही, आणि जागा असलेल्याला डोकेदुखी व मळमळ ही घाट लागल्याची वाटते. आपण धुराच्या वासावर विसंबतो, पण धुराचा वास येत नाही म्हणजे वायू नाही, असे मुळीच नाही.

वायू आत येतो कुठून, हे एकदा गाडीखाली झोपून पाहावे. सिंकच्या पाण्याची नळी बाहेर काढायला पाडलेले भोक, बॅटरीच्या केबलींचे भोक, गिअर लिव्हरचे फाटलेले रबर, मागच्या दाराची दबून चपटी झालेली रबरी पट्टी, मूळ सीटांचे बोल्ट काढल्यावर उघडी राहिलेली छिद्रे. त्यात छतावरचा पंखा बाहेर हवा फेकायला लावला आणि खिडक्या बंद असल्या, तर तो पंखाच या भोकांतून खालची हवा आत ओढतो. खाली इंजिन किंवा जनरेटर चालू असेल, तर तो धूर थेट पलंगापाशी येतो. तेव्हा पंखा लावायचा तर पंख्यापासून लांबची, सायलेन्सरच्या विरुद्ध बाजूची एक खिडकी चार बोटे उघडी हवीच. प्रत्येक भोकाला रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेत बसणारी कडी) आणि वरून पॉलियुरेथेन सीलंट लावावा. साधा सिलिकॉन पत्र्याच्या थरथरीने वर्षभरात सुटतो.

डिझेलच्या धुरात पेट्रोलपेक्षा कार्बन मोनॉक्साइड कमी असतो, हे खरे आहे. पण कमी म्हणजे बंद खोलीत आठ तास चालेल इतका कमी नव्हे. शिवाय कॅम्परमध्ये बसवले जाणारे छोटे जनरेटर बहुधा पेट्रोलचेच असतात. गाडी भिंतीला लावून, खड्ड्यात किंवा दाट झाडीत उभी असेल आणि वारा पडला असेल, तर धूर गाडीखालीच साचून राहतो.

यावरचा नियम सरळ आहे. गाडी मुक्कामाला लागली, टर्बो थंड व्हायला मिनिटभर इंजिन आयडलवर ठेवले, की किल्ली काढायची. सकाळी निघेपर्यंत इंजिनही नाही आणि जनरेटरही नाही. आणि तरीही पलंगाच्या उशाशी, झोपलेल्या माणसाच्या तोंडाच्या उंचीवर, कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म हवा. घेताना त्यावर ईएन ५०२९१-२ हे मानक छापलेले आहे का ते पाहावे. हा भाग राहत्या गाड्या आणि बोटींसाठीचा आहे. असा अलार्म ५० पीपीएमला (हवेच्या दहा लाख भागांत वायूचे ५० भाग) तासा-दीड तासात, १०० पीपीएमला १० ते ४० मिनिटांत आणि ३०० पीपीएमला तीन मिनिटांच्या आत वाजतो. त्याच्या सेन्सरचे आयुष्य मागे छापलेले असते, ते संपले की अलार्म बदलायचा. टेस्ट बटण दाबल्यावर आवाज आला, म्हणजे शिटी आणि सर्किट ठीक आहे एवढेच कळते. सेन्सर जिवंत आहे की नाही, हे त्यावरून कळत नाही. एलपीजीचा अलार्म वेगळा. तो गॅस हवेपेक्षा जड, म्हणून तो अलार्म जमिनीपासून वीतभर उंचीवर लावायचा. दोन्ही एकाच डबीत असलेले यंत्र घेऊन ते मध्येच कुठेतरी ठोकणे म्हणजे दोन्हींचा अर्धवट उपयोग.

ज्यांना जिवाची भीती पटत नाही, त्यांनी निदान इंजिनाकडे पाहावे. एसीसह आयडलवर उभी असलेली व्हॅन तासाला साधारण एक लिटर डिझेल पिते. पण खरे नुकसान डिझेलच्या बिलात दिसत नाही. बीएस-६ गाडीला डीपीएफ असतो, म्हणजे धुरातली काजळी धरून ठेवणारी सिरॅमिकची गाळणी. ही काजळी अधूनमधून जाळावी लागते आणि त्याला साडेपाचशे-सहाशे अंश तापमान लागते. ते तापमान आणण्यासाठी इंजिन ज्वलनाच्या शेवटी थोडे जादा डिझेल फवारते. रस्त्यावर ६०च्या वेगाने, दोन हजारांच्या आसपास आरपीएमवर, पंधरा-वीस मिनिटे न थांबता गाडी चालली की हे काम पार पडते. आयडलवर धूर थंड असतो. काजळी जमत राहते आणि जळत नाही. गाडीने जाळायला सुरुवात केली आणि मध्येच आपण इंजिन बंद केले, असे वारंवार झाले तर ते जादा डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून ओघळून इंजिन ऑइलमध्ये उतरते.

म्हणून कॅम्पर चालवणाऱ्याने दर आठवड्याला, सपाट जागी, गार इंजिनावर डिपस्टिक काढून पाहावी. ऑइल कमी झालेले सगळ्यांना खटकते, वाढलेले मात्र कोणाला खटकत नाही. पातळी वरच्या खुणेच्या पुढे गेली असेल आणि ऑइल बोटावर घेतल्यावर पातळ लागत असेल, डिझेलचा वास येत असेल, तर किलोमीटर पूर्ण होण्याची वाट न पाहता ऑइल बदलून टाकावे. पातळ ऑइलने आधी टर्बोचे बेअरिंग जाते, मग क्रँकचे. ऑइल घेताना गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेले कमी राखेचेच घ्यायचे. जुन्या गाड्यांसाठीचे ऑइल घातले तर त्याची राख डीपीएफमध्ये बसते, आणि राख ही काजळीसारखी जळून जात नाही.

डीपीएफचा पिवळा दिवा लागला की घाबरून गाडी उभी करू नये, हमरस्त्याला लावून वीस मिनिटे एका लयीत चालवावी. दिवा विझला नाही, पिकअप गेला, तर गॅरेजमध्ये स्कॅनर लावून फोर्स्ड रिजनरेशन, म्हणजे उभ्या गाडीत मुद्दाम काजळी जाळण्याचे काम, करावे लागते. त्याच्या पुढची पायरी गाळणी उतरवून साफ करण्याची किंवा बदलण्याची, आणि तो खर्च जड असतो. ‘डीपीएफ काढूनच टाकतो, कटकट नको’ असे सांगणारे मिस्त्री भेटतात. त्यांना सरळ नाही म्हणावे. ते बेकायदा आहे, आणि तो धूर शेवटी आपल्याच मुक्कामाच्या आसपास फिरतो. काजळी जळत असताना सायलेन्सर किती तापतो, याचीही जाणीव ठेवावी. फेब्रुवारी ते मे या काळात वाळक्या गवतावर किंवा कापणी झालेल्या शेतातल्या धसकटांवर लगेच गाडी लावू नये. करपट वास येत असेल, आयडलचे आरपीएम नेहमीपेक्षा चढे असतील किंवा किल्ली काढल्यावरही रेडिएटरचा पंखा जोरात चालू असेल, तर काम अर्धवट राहिले आहे असे समजावे.

ज्या व्हॅनना डीईएफ (धूर स्वच्छ करणारे युरियाचे द्रावण) लागते, त्यांच्या डिझेलच्या तोंडाजवळ बहुधा निळ्या झाकणाचे दुसरे तोंड असते. त्यात ३२.५ टक्के युरिया आणि बाकी शुद्ध पाणी. खर्च डिझेलच्या तीन ते पाच टक्के. डीईएफचा डबा उन्हात तापणाऱ्या गाडीत महिनोन्‌महिने बाळगू नये, उष्णतेने ते खराब होते. कमी पडले म्हणून नळाचे पाणी मिसळू नये. आणि डीईएफ चुकून डिझेलच्या टाकीत पडले, तर किल्ली अजिबात फिरवू नये. टाकी उतरवून धुतली तर काही हजारांत भागते. इंजिन चालू केले तर पंप, रेल आणि इंजेक्टर सगळेच जाते. डिझेलमध्ये चुकून पेट्रोल भरले गेले, तरी हाच नियम.

आता इंजिन बंद ठेवून उकाड्यात झोपायचे कसे? इथे आकडेमोडीला पर्याय नाही. छोटा एसी कॉम्प्रेसर चालू असताना ८०० वॅट घेतो, असे धरा. सहा तास, त्यातला साठ टक्के वेळ कॉम्प्रेसर चालू, म्हणजे जवळजवळ तीन युनिट. इन्व्हर्टरमधली घट धरली की सव्वातीन. १२.८ व्होल्टची ३०० अँपिअर-अवरची लिथियम फॉस्फेट बॅटरी पूर्ण भरली तर ३.८४ युनिट देते, आणि तिला तळापर्यंत उतरवायचे नसते. म्हणजे एक रात्र कशीबशी निघते. पुढचा प्रश्न ती परत भरायची कशी. छतावरचे ४०० वॅटचे सोलर पॅनल लख्ख उन्हाच्या दिवशी दीड ते दोन युनिट देते, आषाढातल्या दाट ढगांच्या दिवशी त्याचा पाव वाटाही मिळणे कठीण. चालत्या गाडीत ४० अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर (गाडीच्या अल्टरनेटरवरून मोजक्या करंटने बॅटरी भरणारा) तासाला अर्धा युनिट भरतो, म्हणजे एका रात्रीच्या एसीसाठी दुसऱ्या दिवशी सहा तास गाडी चालवा. रोज सहा तास गाडी चालवायला कोणी कॅम्पर घेत नाही.

म्हणून आधी उष्णता आत येऊ न देण्यावर पैसे घालावेत, एसी नंतर. पत्र्याच्या आतून, विशेषतः छताला, १९ ते २५ मिलिमीटरचा बंद पेशींचा नायट्रिल रबर किंवा एक्सएलपीई फोम सलग चिकटवावा. ग्लासवूल स्वस्त पडतो, पण कोकणच्या दमटपणात तो पाणी धरतो आणि पत्रा आतून गंजतो. पुढच्या काचेचा चंदेरी पडदा आतून न लावता बाहेरून लावावा. ऊन एकदा काचेतून आत आले की पडद्यामागे का होईना, उष्णता आतच राहते. छताचा चौदा इंची पंखा ३०-४० वॅट घेतो, रात्रभराचा खर्च पाव ते तीन दशांश युनिट, म्हणजे एसीच्या दहाव्या हिश्शाइतका. आणि सर्वांत स्वस्त एसी म्हणजे उंची. हजार मीटर चढले की हवा साधारण साडेसहा अंशांनी उतरते. मे महिन्यातला मुक्काम नागपूर किंवा जळगावच्या रस्त्याकडेला न करता चिखलदरा, तोरणमाळ, महाबळेश्वरच्या माथ्यावर करावा. किनाऱ्यावर मे महिन्यात कॅम्परमध्ये एसीशिवाय झोप लागत नाही, हे मान्य करून तिथे विजेचा प्लग मिळणाऱ्या ठिकाणीच थांबावे.

वायरिंगबद्दल थोडे ठासून लिहावे लागेल, कारण कॅम्परला आग लागते ती बहुधा इथून. १५०० वॅटचा इन्व्हर्टर पूर्ण भाराला बॅटरीतून जवळजवळ १४० अँपिअर ओढतो. त्याला ५० चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल, तीही दीड मीटरच्या आत, आणि बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतरात २०० अँपिअरचा फ्यूज लागतो. फ्यूज इन्व्हर्टरजवळ लावून उपयोग नाही. केबल मध्ये कुठे घासली आणि पत्र्याला टेकली, तर बॅटरी आणि त्या जागेमधल्या तारेला काहीच संरक्षण उरत नाही. लग, म्हणजे केबलच्या टोकाला बसणारी धातूची टोके, हायड्रॉलिक प्रेसने दाबून घ्यावेत. हातोडीने ठोकलेला लग सैल राहतो, तापतो आणि काळा पडतो. डाख दिलेली तार थरथरीने डाखाच्या कडेलाच तुटते. गाडीच्या अल्टरनेटरवरून लिथियम बॅटरी साध्या रिलेने जोडू नये. ही बॅटरी मिळेल तेवढा करंट ओढून घेते, आणि आयडलवर अल्टरनेटरचा पंखा मंद असतो, तेव्हा तो जळतो. मध्ये डीसी-डीसी चार्जर हवाच. शून्य अंशाखाली लिथियम बॅटरी चार्ज करायची नसते. लडाख-स्पितीला जाणाऱ्यांनी ती गाडीखाली न लावता आत, पलंगाखाली ठेवावी.

बाहेरून वीज घेताना तीन तारांची, किमान २.५ चौरस मिलिमीटरची केबल वापरावी आणि ती रिळावरून पूर्ण सोडावी. गुंडाळीतच ठेवलेली केबल आतल्या आत वितळते. गाडीत शिरल्याशिरल्या ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंटची गळती झाली की वीज तोडणारा स्विच) हवा. ढाब्यावरच्या प्लगला अर्थिंग आहे का, हे दोनशे-तीनशे रुपयांच्या सॉकेट टेस्टरने आधी पाहावे. अर्थिंग नसलेल्या प्लगवर पत्र्याची गाडी जोडली आणि आत कुठे फॉल्ट झाला, तर ओल्या जमिनीवर उभे राहून दाराच्या मुठीला हात लावणाऱ्याला शॉक बसतो.

थंडीसाठी डिझेलवर चालणारा एअर हीटर चांगला. दोन किलोवॅटचा हीटर तासाला शंभर ते अडीचशे मिलिलिटर डिझेल घेतो. त्याची जळणाची हवा आणि धूर दोन्ही गाडीच्या बाहेर राहतात. खोलीतली हवा वेगळ्या कप्प्यातून फक्त गरम होऊन येते. पण त्याची धुराची नळी गाडीच्या कडेपर्यंत आणून बाहेर सोडली पाहिजे, आणि तीही उघडणाऱ्या खिडकीखाली नको. नळी तळाच्या मधोमध सोडून देणारे बरेच फिटर आहेत. हीटर सतत मंद ठेवला तर आत काजळी धरते. आठवड्यातून एकदा वीस मिनिटे पूर्ण जोरावर चालवावा. उंचावर हवा विरळ, म्हणून डिझेल जास्त पडते आणि काजळी लवकर होते; उंचीनुसार डिझेल कमी करण्याची सोय असलेलाच हीटर पहाडात न्यावा. बंद करताना बटणानेच करायचा. बॅटरीचा स्विच खाडकन पाडला की आतला पंखा थांबतो आणि तापलेली चेंबर खराब होते. कोळशाची शेगडी गाडीत कोणत्याही कारणाने नेऊ नये, धग गेली तरी नाही.

लडाखच्या थंडीत साध्या डिझेलमधले मेण गोठून फिल्टर बसतो. इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९ पासून तिथे हिवाळी डिझेल आणले आहे, ते उणे ३३ अंशांपर्यंत वाहते राहते. थंडीत वर पोचताना टाकी खालच्या डिझेलने काठोकाठ भरलेली नसावी, म्हणजे वर हे डिझेल भरायला जागा राहते. जुने ड्रायव्हर रॉकेल मिसळायला सांगतात. कॉमन रेल इंजिनात, म्हणजे जिथे जास्त दाबाच्या एकाच नळीतून सगळ्या इंजेक्टरांना डिझेल मिळते, ते करू नये. या पंपाला वंगण डिझेलचेच असते.

स्वयंपाकासाठी पाच किलोचा सिलिंडर वेगळ्या, आतून पूर्ण बंद आणि तळाला बाहेर उघडणारे भोक असलेल्या कप्प्यात, उभाच ठेवावा. गाडी चालू असताना रेग्युलेटर बंद. नळी आयएसआय शिक्क्याची, तारीख पाहून पाच वर्षांच्या आत बदललेली. बॅटरी मोठी असेल तर एक किलोवॅटवर ठेवलेले इंडक्शन आणि प्रेशर कुकर यांत दोन माणसांचे जेवण अर्ध्या युनिटच्या आत होते, आणि मग गाडीत ज्वाळाच नको. माझे मत इंडक्शनच्या बाजूचे आहे.

आता चालवण्याबद्दल. पाणी, डिझेल, सामान आणि माणसे भरून गाडी एकदा वजनकाट्यावर न्यावी. पूर्ण वजन आणि मग पुढचा व मागचा अ‍ॅक्सल वेगवेगळा. आरसीवरच्या कमाल वजनाच्या आत आहे, एवढे पुरत नाही. पाण्याची टाकी, बॅटऱ्या आणि फर्निचर एकाच बाजूला आले तर वळणावर गाडी त्याच बाजूला झुकते. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो, आणि अर्धी भरलेली टाकी घाटातल्या प्रत्येक वळणाला हिंदकळते. टाकी पुढच्या व मागच्या चाकांच्या मध्ये, तळाशी, आत आडवे पडदे असलेली घ्यावी. छतावर एसी आणि पॅनल चढल्यावर गाडीची उंची पुन्हा मोजून तो आकडा स्टिअरिंगसमोर चिकटवावा. रेल्वेखालच्या मोऱ्यांचे हाइट बॅरियर आणि कोकणातल्या गावांतल्या लोंबत्या वायरी यांची गाठ रोजच पडते.

उतारावर मात्र इंजिन चालू आणि गिअरमध्येच हवे. आंबोली, कुंभार्ली, अणुस्कुरा असे लांब घाट उतरताना ज्या गिअरने चढलो असतो त्याच गिअरने उतरायचे. न्यूट्रल करून डिझेल वाचते, हा गैरसमज अजून जात नाही. कॉमन रेल इंजिनात गाडी गिअरमध्ये असताना पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून काढला की इंजेक्टर डिझेल पूर्ण बंद करतात. न्यूट्रलमध्ये उलट आयडलपुरते डिझेल जळतच राहते. इंजिनच बंद केले तर ब्रेकचा व्हॅक्यूम दोन-तीन दाबांत संपतो, मग पॅडल दगडासारखे होते. ब्रेक सतत हलका दाबून धरू नये. एकदा नीट दाबून वेग उतरवावा, सोडावा, पुन्हा दाबावा. लायनर तापल्याचा वास आला की सुरक्षित जागी थांबून अर्धा तास द्यावा, पाणी ओतू नये. ड्रमला चीर जाते. थांबल्यावर चाकाला लाकडी ठोकळा लावावा, आणि निघताना तो उचलून गाडीत ठेवावा. दगड लावून तसेच सोडून जाणाऱ्यांमुळे मागून येणारे दुचाकीस्वार रात्री पडतात.

पावसाळ्यात डिझेलमधले पाणी ही नेहमीची तक्रार. फिल्टरखालचा ड्रेन स्क्रू सैल करून काचेच्या बाटलीत दोनशे मिलिलिटर काढावे आणि दहा मिनिटे ठेवावे. पाणी असेल तर तळाशी वेगळा थर दिसतो. स्क्रू घट्ट करून हँड प्रायमर (डिझेल लाइनचा हातपंप) कडक होईपर्यंत दाबायचा, नाहीतर लाइनमध्ये एअर धरते. गाडी महिना-दोन महिने उभी राहणार असेल, तर टाकी भरून ठेवावी, म्हणजे रिकाम्या जागेत दव धरत नाही. एक फिल्टर आणि त्याची ओ-रिंग कायम सोबत हवी. डिझेल संपून गाडी बंद पडली, तर आधी प्रायमर, मग दहा सेकंद सेल्फ, मग मिनिटभर विश्रांती. सलग सेल्फ मारत राहिलात तर पंप कोरडा फिरून घासतो.

कायद्याचे थोडक्यात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीच्या मूळ रचनेत मनाजोगे फेरफार करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये तेच अधोरेखित केले. बेकायदा फेरफाराला प्रत्येकी पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. कॅराव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे वेगळे मानक आहे. त्याप्रमाणे मंजुरी असलेल्या बांधणीवाल्याकडूनच काम करून घ्यावे आणि आरसीवर तशी नोंद करून घ्यावी. नोंद नसेल तर अपघातानंतर विमा कंपनी पहिला प्रश्न त्यावरच काढते.

राहता राहिली सरकारकडची बाजू. महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण केले. लोकांनी रात्री इंजिन बंद ठेवावे असे वाटत असेल, तर त्यांना वीज मिळाली पाहिजे. ती नसते म्हणूनच जनरेटर चालतात. आणि यासाठी मोठे कॅराव्हॅन पार्क उभे राहण्याची वाट पाहायला नको. एमटीडीसीच्या निवासांच्या आवारात, घाटमाथ्यावरच्या पार्किंगमध्ये आणि ज्या एसटी आगारांत जागा आहे तिथे, खांबावर दोन-दोन १६ अँपिअरचे सॉकेट बसवावेत. प्रत्येकाला स्वतंत्र एमसीबी, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आणि सब-मीटर. युनिटप्रमाणे पैसे घ्यावेत, कोणी ना म्हणणार नाही. सॉकेट निळा, गोल, तीन पिनांचा औद्योगिक घ्यावा; तो पावसात चालतो. इलेक्ट्रिक गाड्यांसाठी आपल्याकडे आलेल्या भारत एसी-००१ चार्जरला हाच सॉकेट आहे आणि युरोपातल्या कॅम्पसाइटवरही हाच असतो. म्हणजे चार्जिंगची जागा करतानाच एक जादा सॉकेट काढला, तर खर्च नाममात्र येतो.

त्याच जागी झाकणाचा एक चेंबर हवा. कॅम्परच्या शौचालयाची पेटी अठरा-वीस लिटरची असते आणि दोन माणसांना ती दोन-तीन दिवस पुरते. रिकामी करायला जागा नसली की ती ओढ्यात, सड्यावर, समुद्रकिनाऱ्यावर रिकामी होते. गावकरी मग सगळ्याच कॅम्परवाल्यांना हाकलतात, आणि त्यात त्यांची चूक नाही. पेटीत फॉर्मॅल्डिहाइडचे निळे रसायन घालत असाल तर ते सेप्टिक टँकमधले जिवाणू मारते, म्हणून एन्झाइमचेच वापरावे. भांड्यांचे पाणी बादलीत काढून झाडाच्या आळ्यात घालता येते, साबण कमी असेल तर.

आणि भाड्याच्या प्रत्येक कॅराव्हॅनच्या फिटनेस तपासणीत आरटीओने आणखी चार गोष्टी पाहाव्यात. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म, त्याच्या सेन्सरची मुदत, तळातली उघडी भोके, आणि जनरेटर असल्यास त्याच्या धुराची नळी गाडीच्या कडेबाहेर निघते की नाही. एका गाडीला पंधरा मिनिटे लागतील.

आपला,
कॅम्पर व्हॅनच्या बांधणीचे व वायरिंगचे काम करणारा एक वाचक,
भोसरी, पुणे